मनीचे पाळणाघर

लखनौच्या गोमती नगरात पत्ता सांगायचा तो खंडाने. विनय खंड, विवेक खंड, विपुल खंड, विकास खंड, विराम खंड. लखनौ विकास प्राधिकरणाने ऐंशीच्या दशकात गोमतीकाठी ही वसाहत उभी करायला घेतली, तेव्हा नामकरण करणाऱ्या कुणा अधिकाऱ्याला ‘वि’ या अक्षराने भुरळ घातली असावी. मराठी कानाला या पत्त्यांची सवय व्हायला वेळ लागतो. मराठीत खंड म्हणजे आशिया-आफ्रिकेसारखा भूभाग, ग्रंथाचा एखादा भाग, कुळाने जमीनमालकाला द्यायचा धान्याचा वाटा; आणि नित्याच्या बोलण्यातला अर्थ म्हणजे पडतो तो खंड. सेवेत खंड, पत्रव्यवहारात खंड, पावसात खंड. विराम खंडाचा पत्ता लिहिताना तर एकदा थांबलेल्याला पुन्हा थांबवल्यासारखे वाटते.

यांतल्या विनय खंडात एक मराठी दांपत्य राहते. गृहस्थ मानकनगरच्या रेल्वे संशोधन संस्थेत अभियंता होते. डब्यांच्या स्प्रिंगांची मानके ठरवण्यात त्यांची सारी नोकरी गेली. 1988 मध्ये पुण्याहून आले ते चार वर्षांपुरते म्हणून, आणि निवृत्तीनंतरही इथेच राहिले. बाईंनी पहिली दोन वर्षे कैसरबागेतल्या भातखंडे महाविद्यालयात गाणे शिकून काढली. विष्णु नारायण भातखंडे यांनी 1926 मध्ये उभ्या केलेल्या त्या संस्थेच्या आवारात आपल्या भाषेचा एखादा शब्द कानी पडेल, ही आशा गाण्याच्या आवडीपेक्षा मोठी होती. पुढे शहराची भाषाच अंगवळणी पडली. मुलगा शिकून परदेशी गेला. अकरा वर्षांपूर्वी एका पावसाळी रात्री दारातल्या मोटारीच्या इंजिनाजवळून केविलवाणा आवाज आला, आणि घरात करड्या पट्ट्यांचे, तळहातावर मावेल एवढे मांजराचे पिल्लू आले. मराठी घरात मांजरीला मनी म्हणायला विचार करावा लागत नाही. गल्लीने मात्र त्या नावाचा इंग्रजी अर्थ घेतला. संध्याकाळी बाई अंगणात उभ्या राहून हाक मारू लागल्या, की समोरचा इस्त्रीवाला हसून म्हणे, “आप बुलाती रहिए, हमारे पास तो वह कभी आती नहीं.”

पहिले वर्षभर मनीला दूधभात मिळाला. घर शाकाहारी, आणि मांजराने दूध प्यावे हे बालपणापासून चित्रांतून ठसलेले. मग पशुवैद्याने समजावले, की मांजर हे पुरते मांसाहारी जनावर आहे. टॉरिन नावाचे एक द्रव्य त्याला मांसातूनच मिळते, ते न मिळाले तर डोळे जातात, हृदय दुबळे होते, आणि मोठ्या मांजराला बहुधा दूध पचतही नाही. तेव्हापासून मागच्या गच्चीवर एक वेगळी शेगडी, एक वेगळे पातेले आणि त्यात मीठ-हळद-कांद्याविना उकडलेली कोंबडी अशी व्यवस्था झाली. ज्या बाईंनी आयुष्यात अंडे फोडले नव्हते, त्या नाकाला पदर लावून मांस शिजवू लागल्या. पिल्लापायी माणूस कुठवर जाईल, याचा नेम नसतो.

या गच्चीच्या पलीकडे शेजाऱ्यांची गच्ची. शेजारी जुन्या लखनौचे, चौकातले. वसाहतीत राहायला आले ते कबुतरांची ढाबळ बरोबर घेऊन. अब्दुल हलीम शरर यांनी ‘गुज़िश्ता लखनऊ’मध्ये या शहराच्या कबूतरबाजीचे, बटेरबाजीचे जे वर्णन केले आहे, ते वाचले म्हणजे इथल्या माणसाचा पाखरांवर जीव का जडतो ते उमगते. शेवटचा नवाब वाजिद अली शाह याचे राज्य 1856 मध्ये खालसा झाले, तेव्हा इंग्रजांनी त्याच्या संग्रहातले पशुपक्षी लिलावात काढले. आणि कलकत्त्याजवळ मटियाबुर्जला स्थिरावताच त्याने पुन्हा नवा प्राणिसंग्रह उभा केला. राज्य गेलेल्या माणसाने आधी पाखरे जमवावीत, यात पुष्कळ काही आले. अशा परंपरेत मांजराला मान कुठला? मनीने सहा वर्षांपूर्वी शेजाऱ्यांचा एक पांढरा लक्का मारला. भांडण झाले नाही. लखनौत भांडणाची ती रीत नाही. शेजाऱ्यांनी फक्त बोलणे थांबवले. ईदच्या शेवया येईनाशा झाल्या, आणि दिवाळीचे ताट इकडून जाईनासे झाले.

गेल्या वर्षी अभियंत्यांची मूत्रपिंडे थकली. आठवड्यातून तीनदा, दर खेपेस चार तास, रक्त शुद्ध करून घ्यायचे. जाणेयेणे, वाट पाहणे आणि नंतरची ग्लानी धरली की सारा दिवस. बाईंना बरोबर जावेच लागे. पहिल्या आठवड्यात त्यांनी सकाळी मनीची थाळी भरून ठेवली. संध्याकाळी ती जशीच्या तशी. मनी दाराआडच्या चपलांच्या कप्प्यात बसून होती. दुसऱ्या खेपेसही तेच. आणि मग घरी माणसे असलेल्या दिवशीही ती थाळी हुंगून दूर जाऊ लागली. बाईंना ते रुसणे वाटले. पशुवैद्याला वाटले नाही. मांजर, विशेषतः अंगाने भरलेले मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर अंगातली चरबी यकृतात साठू लागते आणि जीवावर बेतते, असे त्याने सांगितले. दिवसभर तिच्याजवळ कुणीतरी असावे, नाहीतर तिला कुठेतरी ठेवावे. शहरात आता तशी ठिकाणे आहेत.

ठिकाणांना इंग्रजी नावे असतात. बाईंना सुचला तो पाळणाघर हा शब्द. या शब्दातला पाळणा लेकरांचा. पण पाळणे हे क्रियापदही त्यात ऐकू येतेच, आणि मांजराच्या बाबतीत दोन्ही अर्थ शोभतात.

अभियंत्यांनी विषय हाती घेतला. डाव्या हातात सुया, उजवा मोकळा. रुग्णालयाच्या खुर्चीत पडल्यापडल्या, रक्ततपासणीच्या एका जुन्या अहवालाच्या पाठीवर त्यांनी मांजर सांभाळण्याच्या जागेचे मानक लिहिले. कलम, उपकलम, परिशिष्ट. जागा घरापासून रिक्षाने दहा मिनिटांच्या आत असावी, कारण मांजराला मुक्कामाहून प्रवासाची धास्ती अधिक. कुत्रा दिसू नये आणि त्याचा आवाजही येऊ नये. बसायला उंचावर फळी असावी आणि शिरून बसायला अंधारी जागा असावी. मातीचा ट्रे खाण्याच्या थाळीपासून दूर, आणि जितकी मांजरे त्याहून एक ट्रे जास्त. दाराला आत दुसरे दार असावे, म्हणजे एक उघडताना दुसरे बंद राहील. वीज गेल्यावर काय, याचे उत्तर असावे. लखनौचा मे महिना त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांचा असतो, आणि तोंड उघडे टाकून धापा टाकणारे मांजर म्हणजे संकटात सापडलेले मांजर. शेवटचे कलम ठळक होते: जो जागा दाखवणार नाही, तो बाद.

“अहो, मांजर आहे ते. मालगाडीचा डबा नाही,” बाई म्हणाल्या.

“डब्याला बोलता येत नाही म्हणून तर मानक लागते,” अभियंते म्हणाले. “हिलाही बोलता येत नाही.”

पहिली जागा विभूती खंडात, काचेच्या कचेऱ्यांच्या गर्दीत. आत थंडगार हवा, भिंतींवर मांजरांची चित्रे, दरपत्रक, आणि दिवसभर मोबाइलवर आपले जनावर पाहता यावे म्हणून कोपऱ्याकोपऱ्यात कॅमेरे. काम करणाऱ्या मुलाने बाईंना ‘मम्मी’ म्हणून हाक मारली. त्यांचा सख्खा मुलगा त्यांना आई म्हणतो. हा नवा लेक त्यांना मानवला नाही. पण खरी खटकली ती दुसरीच गोष्ट. दुपारी एक तास सगळी मांजरे एकत्र खेळायला सोडतात, असे त्या मुलाने अभिमानाने सांगितले. पडद्यावर तो खेळ चालू होता. एक पर्शियन बोका खोलीच्या मध्यभागी बसलेला, आणि बाकीची चार मांजरे भिंतीला अंग चिकटवून, कान पाडून, एकमेकांकडे न पाहता बसलेली. कुत्र्यांना कळप असतो. मांजराला अनोळखी मांजर म्हणजे आपल्या हद्दीत शिरलेला परका. बाईंना हे शास्त्र ठाऊक नव्हते. पण नव्याने सासरी आलेल्या मुली लग्नघरात कशा बसतात, ते त्यांनी पाहिलेले होते. मनीला लस टोचली आहे का, हे तिथे कुणी विचारले नाही. कोणत्या दिवसापासून आणणार, एवढे विचारले.

दुसरी जागा पत्रकारपुरमच्या मागल्या अंगाला. चालवणारा गृहस्थ मनाचा उमदा. रस्त्यावरची जखमी कुत्री उचलून आणून बरी करणारा. सगळीकडे फिनेलचा वास येत होता. बाईंच्या पिढीला तो स्वच्छतेचा वास वाटतो, आणि त्यांना तो भावलाही. पण त्याच संध्याकाळी पशुवैद्याने कपाळावर हात मारला. फिनेलसारखी द्रव्ये मांजराचे यकृत पचवू शकत नाही. ते धुतलेल्या फरशीवर चालते, मग पंजे चाटते, आणि विष पोटात जाते. माणसाची तापाची साधी पॅरासिटामॉलची गोळीही याच कारणाने मांजराचा जीव घेते. कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मानेवर सोडतात त्यांतली काही औषधेही तशीच. कुत्र्यांवर प्रेम करणाऱ्या माणसाच्या हातून मांजर मरू शकते ते असे, निव्वळ सद्भावनेने. तिथे पिंजऱ्यांची उतरंड होती, आणि त्यांतली दोन मांजरे आपल्या मातीच्या ट्रेमध्येच बसून होती. बाईंना प्रथम गंमत वाटली. इतके स्वच्छ जनावर विष्ठेच्या जागी जाऊन बसते, कारण पिंजऱ्यात कडा असलेली, अंग आडोशाला नेणारी तेवढी एकच वस्तू असते. घरी आल्यावर बाईंना तीच दोन मांजरे डोळ्यांपुढे दिसत राहिली.

आडोशाचे हे माहात्म्य माणसाच्या लवकर ध्यानात येत नाही. 2012 च्या विधानसभा निवडणुकीत निवडणूक आयोगाच्या आदेशावरून याच उपनगरातल्या आंबेडकर स्मारकाचे दगडी हत्ती झाकून टाकले होते. झाकल्यावर ते अधिकच हत्ती दिसू लागले. मांजराचे मात्र तसे नाही. त्याच्यावर नुसते फडके पडले, की त्याच्यापुरते जग नाहीसे होते आणि त्याचा श्वास संथ होतो.

तिसरी जागा विराम खंडात, एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी, वरच्या मजल्यावर. तिला नाव नव्हते, पाटी नव्हती. पशुवैद्याने नुसता क्रमांक दिला होता. बाई गेल्या तेव्हा शिक्षिका जाळीच्या दारापाशीच उभी राहिली आणि आत येऊ देईना. आज एक नवी मांजर आली आहे, ती अजून पलंगाखालून निघालेली नाही, परकी माणसे आज नकोत. गुरुवारी लशीची वही घेऊन या. बाई रिकाम्या हाती परतल्या, आणि अभियंत्यांनी शेवटच्या कलमाकडे बोट दाखवले.

“बाद.”

“ती माझ्यासाठी दार उघडत नाही म्हणजे उद्या दुसऱ्या कुणासाठीही उघडणार नाही,” बाई म्हणाल्या.

अभियंत्यांनी बराच वेळ विचार केला आणि कलमापुढे उद्गारचिन्ह काढले. चाळीस वर्षांत त्यांनी मानकाच्या मजकुरात असे चिन्ह वापरले नव्हते.

गुरुवारी दोघे गेले. जिना उंच होता. अभियंत्यांना मध्ये दोनदा टेकावे लागले. खोली साधी. भिंतीवर चढत्या उंचीच्या फळ्या, आणि जमिनीवर मलिहाबादी दशहरीच्या रिकाम्या लाकडी पेट्या आडव्या टाकून त्यांत जुन्या चादरी. एका वेळी चारच मांजरे, प्रत्येकीची वेगळी जागा, मध्ये पत्र्याचे आडपडदे. फरशी साबणाने धुऊन मग पाणी घातलेल्या ब्लीचने पुसायची आणि वाळल्याशिवाय मांजर सोडायचे नाही. मांजरांच्या जीवघेण्या जुलाबांचा विषाणू महिनोन्‌महिने जमिनीवर तग धरतो आणि साध्या साबणाला दाद देत नाही, हे शिक्षिकेने न विचारता सांगितले. वीज गेली तर पंखा आणि कूलर इन्व्हर्टरवर. कॅमेरा नाही. शुक्रवारी बंद. मानकाची तीन कलमे बसत नव्हती, जिना धरला तर चार.

मग शिक्षिकेने आपला कागद काढला, आणि आतापर्यंत प्रश्न विचारत फिरलेल्या या दांपत्याला पहिल्यांदा उत्तरे द्यावी लागली. ती काय खाते, किती वेळा, कोमट की थंड? पाणी वाहते आवडते की साठवलेले? घाबरली तर वर चढते की खाली दडते? पाठीला हात लावलेला चालतो का? लघवीला कधी अडखळली आहे का? तिच्या अंगाखालची एखादी चादर न धुता आणता येईल का? मांजर गाल घासून घासून घरभर आपला वास लावून ठेवते आणि त्या वासावरून घर ओळखते. धुतलेली चादर त्याच्या लेखी कुणाचीच नसते. कुत्रे माणसाचे आणि मांजर घराचे, असे जुनी माणसे म्हणतात. शिक्षिकेच्या हिशेबात घराचा तेवढा तुकडा उचलून आणता येत होता. बाई सांगत होत्या आणि सांगता सांगता त्यांना कळत होते, की अकरा वर्षांत हे सारे त्यांना कुणी विचारलेच नव्हते.

शेवटचा प्रश्न शिक्षिकेने कागदावरून नजर न काढता विचारला.

“और किसी शाम आप लोग न आ पाएँ तो?”

पंख्याचा आवाज तेवढा राहिला. उत्तरप्रदेशी अदबीने तो प्रश्न मऊ झाला होता, पण त्यातला अर्थ मऊ नव्हता. ज्यांना ही मांजर द्यायची त्या दोघांपैकी एक जण आठवड्यातून तीनदा यंत्राला जोडलेला असतो, हे तिला दिसत होते. कागदावर शेवटी दोन रकाने होते. पहिला दूरध्वनी. दुसरा दूरध्वनी. दुसऱ्यात जे नाव येईल ते माणूस तासाभरात येऊन मांजर घेऊन जाऊ शकेल असे असले पाहिजे, एवढीच अट.

अभियंत्यांनी कागद घरी आणला. पुढच्या खेपेस रुग्णालयात तो त्यांच्या मांडीवर होता. मुलाचे नाव मनात आले आणि गेले. त्याला तासाभरात विमानतळही गाठता आला नसता. मानकनगरचे जुने सहकारी आपापल्या गावी परतलेले. महाराष्ट्र मंडळातले स्नेही शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि तेही साठीपलीकडचे. सदतीस वर्षे ज्या शहरात काढली, तिथे एका मांजरासाठी एक क्रमांक लिहिता येईना.

“तो मार्जारकिशोरन्याय म्हणतात ना,” अभियंते अचानक म्हणाले. “माकडाचे पिल्लू आईला घट्ट धरून ठेवते, आणि मांजराचे पिल्लू काहीच करत नाही, आई मानेला धरून नेईल तिथे जाते.”

“हो. कीर्तनात सांगत. भक्ताने कसे असावे त्याचे.”

“मी आयुष्यभर माकडाचे पिल्लू होतो.” त्यांनी डाव्या हाताकडे पाहिले. नळीतून रक्त जात होते आणि परत येत होते. “आता तू धरशील तसे.”

बाईंनी उत्तर दिले नाही. त्यांनी कागद त्यांच्या मांडीवरून उचलला, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला.

त्या संध्याकाळी त्या शेजाऱ्यांच्या दाराशी गेल्या. सहा वर्षांत प्रथमच. शेजाऱ्यांनी स्वतः दार उघडले. वय झालेले; ढाबळीत आता सात-आठच कबुतरे उरली होती. बाईंनी आधी लक्क्याबद्दल बोलायचे ठरवले होते, पण तोंडून रुग्णालयाचेच निघाले. किती दिवस, कुठे, कुणाबरोबर जाता, रिक्षाने का, हे शेजारी ऐकत राहिले. कोपऱ्यावरून पहाटे रिक्षा निघते ती त्यांना गच्चीवरून दिसत होती म्हणे. फिरायला जात असाल असे वाटले. मग बाईंनी कागद पुढे केला आणि दुसरा रकाना दाखवला.

शेजाऱ्यांनी चष्मा लावून सारा कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मनीचे नाव, वय, रंग, लशीची तारीख. घाबरली तर खाली दडते, इथे त्यांची नजर किंचित थबकली. खिशातले पेन काढून त्यांनी आपला क्रमांक लिहिला, आकडे एकेक करून मोठ्याने म्हणत. कागद परत देताना म्हणाले, “खाती क्या है?”

कोंबडी, बाई म्हणाल्या; उकडलेली, बिनमिठाची.

“बग़ैर नमक के,” शेजारी स्वतःशीच म्हणाले, आणि हे नीट लक्षात राहावे म्हणून त्यांनी आत सुनेला हाक मारली.

शनिवारी सकाळी साडेसातला रिक्षा विराम खंडात त्या घरापुढे थांबली. अभियंते खालीच बसून राहिले. बाई टोपली घेऊन जिना चढल्या. बाहेरचे दार लागले, मग आतले उघडले. शिक्षिकेने न धुतलेली चादर आंब्याच्या पेटीत अंथरली, टोपलीचे झाकण काढले आणि ती बाजूला झाली. मनी बराच वेळ हलली नाही. मग पोट जमिनीला टेकवत पेटीत शिरली आणि पाठमोरी बसली. बाई शेपटीचे टोक दिसते आहे तोवर उभ्या राहिल्या. खालून रिक्षावाल्याने भोंगा वाजवला. साडेआठची वेळ होती आणि पॉलिटेक्निकच्या चौकात गर्दी सुरू झाली असणार.